अळणी रविवारचा दुभाष्या

माझ्या आई-वडिलांचं लग्न झाल्यापासून एकदाही भांडण झालेलं नाही. कॉलेजच्या प्रवेश-मुलाखतीत मी हे घरच्या वळणाचा पुरावा म्हणून सांगितलं. समोर बसलेल्या सनदे मॅडमनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, "मग तुला संशय कधी आला?"

"कसला?"

"आला नसता तर इथं कशाला आला असतास?"

बाई बरोबर होत्या. मी नेमिनाथ मगदूम, मुक्काम मिरज. मला बोलता येण्याआधीपासून संशय येतात.

आमच्या घराची रचना अशी. पप्पा मिरजेचे, मराठी. अम्मा केरळातल्या ओट्टप्पालमची, मल्याळी, नर्स म्हणून इथल्या एका दवाखान्यात आली ती इथलीच झाली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही. हिंदी दोघांनाही थोडी यायची म्हणे, पण मणी आल्यावर ती कुणी वापरली नाही आणि ती गंजून गेली.

मणी म्हणजे कानात घालायचं भाषांतराचं यंत्र. खरं नाव लांबलचक आहे, पण दिसतं मण्यासारखं म्हणून मणी. त्याचं काम दोन भागांत चालतं. समोरचा बोलायला लागला की मणी त्याच्या आवाजाची नेमकी उलटी लहर तयार करून कानात सोडतो. लहर आणि उलटी लहर मिळून शून्य, म्हणजे समोरच्याचा मूळ आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही. मग त्या शून्यावर मणी त्याच माणसाच्या आवाजात तुमच्या भाषेतलं बोलणं ठेवतो. मूळ शब्द कानावर पडतच नसल्यामुळे माणूस आयुष्यभर शेजारी राहिला तरी त्याच्या भाषेतला एक शब्द तुम्ही शिकत नाही. म्हणूनच लहान मुलांना मणी घालायला डॉक्टर बंदी करतात. घातला तर ती बोलायलाच शिकणार नाहीत.

त्यामुळे लहानपणी आमच्या घरात दोघांचंही खरं बोलणं ऐकणारा मी एकटाच होतो. पप्पा म्हणायचे, "भात करपलाय." अम्मा लाजायची. अम्मा म्हणायची, "ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्याला माणूस म्हणू नये." पप्पा म्हणायचे, "तुला पण शुभ रात्री." मला वाटायचं, लग्न म्हणजे हेच असतं. बाकीच्यांच्या घरी गेल्यावर तिथे लोक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात हे बघून मला ते थोडे आगाऊ वाटायचे.

"मणी खोटं का बोलतो, माहीत आहे?" सनदे मॅडमनी विचारलं. त्या पूर्वी कोर्टात दुभाष्या होत्या. चेहरा असा, की आनंद झालाय की दाढ दुखतेय, कळायला मार्ग नाही.

"कंपनीने तसं बनवलं म्हणून?"

"कुणीच बनवलं नाही. पहिले मणी अगदी खरं सांगायचे. लोक दहा मिनिटांत ते कानातून काढून फेकायचे. मग कंपनीने मण्यांना एकच मोजमाप दिलं, बोलणं किती वेळ टिकलं. टिकलं तर शाबासकी. तुटलं तर सुधार. कोट्यवधी संभाषणांतून मणी आपले आपण शिकले, की काय गाळलं म्हणजे माणसं समोरासमोर बसून राहतात."

"मग बिघडलं कुठे?"

"एका पेशंटने सांगितलं, मला हे ऑपरेशन नको. डॉक्टरांच्या कानात आलं, मला थोडी भीती वाटतेय. डॉक्टर म्हणाले, स्वाभाविक आहे, आणि केलं ऑपरेशन."

तेव्हापासून कायदा झाला. ऑपरेशन, कोर्ट, दत्तक असल्या ठिकाणी मणी काढायचे आणि मधे एक माणूस बसवायचा. त्याला म्हणायचं साक्षी दुभाष्या. त्याचं हे कॉलेज.

"मला भाषांतरातच जायचंय," मी म्हटलं. "मुख्य विषय कुठला घेऊ? मराठी की मल्याळम?"

"दोन्ही नकोत. भाषा तुला येतात. मुख्य विषय वैद्यक घे नाहीतर कायदा. ज्या खोलीत बसणार त्या खोलीत काय चाललंय ते कळायला पाहिजे."

"आणि भाषांतर?"

"तो जोडविषय. पहिल्या वर्षी चेहरा. दुसऱ्या वर्षी 'मी'. दुभाष्या 'ते असं म्हणतात' म्हणत नाही. खुनी म्हणाला 'मी मारलं', तर तूही म्हणायचं 'मी मारलं'. तिसऱ्या वर्षी न उठता बसणे."

मला ही फसवणूक वाटली. पदवी घेऊन माणूस न उठता बसणार, आणि पुढे ऑपरेशन चुकलं की दोष त्याचा. कंपनीला याहून स्वस्त काय पडणार? मी तसं बोललोही.

"संशय बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "तो जपून ठेव. आता प्रवेशाची परीक्षा. तुझ्या घरी घेणार. तुझे आई-वडील मणी काढून बसतील, विषय तुझा प्रवेश, आणि दुभाष्या तू. सगळं रेकॉर्ड होईल आणि मल्याळी परीक्षक ते तपासेल. एक वाक्य जरी वाकवलंस तर नापास."

"आणि नाही वाकवलं तर?"

"तर शेवटी दोघांनीही 'होय' म्हणायला हवं. एकाचं जरी 'नाही' आलं तरी प्रवेश नाही."

माझी पंचाईत लक्षात घ्या. घरी दोघांचाही होकार मला आधीच मिळालेला होता. फक्त तो मण्यांनी दिलेला होता.

तो असा. एका संध्याकाळी मी जेवताना विषय काढला. पप्पांचं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. गाड्या आता आपोआप चालतात, पण चालकाच्या जागी लायसन्स असलेला माणूस बसलेला लागतो, त्यामुळे पप्पा लोकांना नुसतं बसायला शिकवतात. ताठ बसा, समोर बघा, कशाला हात लावू नका. सवय जुनी असल्याने हेही ते ओरडूनच शिकवतात.

"भाषांतर?" पप्पा म्हणाले. "बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला कॉलेज कशाला पाहिजे? पुण्याला जा की, संवाद अभियांत्रिकी कर. मणी बनवणाऱ्यांत जा. मी याला परवानगी देणार नाही म्हणून सांगतो."

मी अम्माला मल्याळममध्ये विचारलं, "काय म्हणाले?"

"अभिमान वाटतोय म्हणाले. थोडी काळजी आहे." मग ती पप्पांकडे वळून म्हणाली, "मुलाला अडवलंत तर मी ओट्टप्पालमला निघून जाईन."

पप्पांचा चेहरा उजळला. "होय की, जाऊया. मे महिन्यात जमेल."

मी मुकाट्याने पोळी खाल्ली. यंत्र माझ्या बाजूने खोटं बोलत होतं. आपल्या बाजूने खोटं बोलणाऱ्यावर संशय घेणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

पण माझा खरा संशय अम्मावर होता. मला भाषांतराचं वेड हिने लावलं. दुकानातल्या बायका काय म्हणाल्या ते मला सांग; शब्दाला शब्द सांग; नाही, वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस. वर्गातल्या सगळ्यांना बाराव्या वर्षी मणी मिळाला. माझा कान नाजूक आहे म्हणून हिने मला पंधराव्या वर्षापर्यंत घेऊ दिला नाही. मी कानांच्या दोन डॉक्टरांना विचारून आलो. माझा कान म्हशीसारखा आहे.

रविवारी सकाळी सनदे मॅडम आल्या. टेबलावर रेकॉर्डर ठेवला. नियम सांगितले: काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, बोलायचं 'मी' म्हणून. स्वतःला काही विचारायचं झालं तर "दुभाष्याला विचारायचं आहे" असं तिऱ्हाइतासारखं म्हणायचं.

पप्पांनी मणी काढला, अम्माने काढला, आणि दोन्ही स्टीलच्या वाटीत टाकले.

"हां," पप्पा म्हणाले, "तर विषय असा—"

अम्मा खुर्चीसकट मागे सरकली. "हे माणूस एवढ्या मोठ्याने बोलतं?"

मी पप्पांकडे वळून मराठीत म्हणालो, "हे माणूस एवढ्या मोठ्याने बोलतं?"

"कोण माणूस?"

मी अम्माला विचारलं, "कोण माणूस?"

अम्माने पप्पांकडे बोट दाखवलं. पण पप्पांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते अम्माच्या तोंडाकडे बघत होते. "हिचा आवाज असा आहे?" ते पहिल्यांदाच हळू बोलले. "मण्यात जरा बारीक यायचा. हा तर... भारदस्त आहे की."

मी ते जसंच्या तसं पोचवलं. अम्मा म्हणाली, "तुमचा मण्यातला बरा होता." मी तेही पोचवलं. मॅडम छताकडे बघत होत्या. चेहरा हा विषय त्यांनी चांगला शिकवला असता.

मग पप्पांनी मुद्द्याला हात घातला. "मी माझ्या पोराला हे शिकू देणार नाही."

मला माझ्या आईच्या डोळ्यांत बघून, माझ्याच तोंडाने, मल्याळममध्ये म्हणावं लागलं, "मी माझ्या पोराला हे शिकू देणार नाही."

"का?" अम्मा म्हणाली. मी म्हणालो, "का?" आणि खरं सांगायचं तर तो 'का' माझाही होता.

"कारण मी रोज माणसांना रिकाम्या जागेवर बसवतो," पप्पा म्हणाले. "गाडी ठोकली की ज्याला धरायचं तो माणूस मी तयार करतो. बाबू कांबळे माझ्याकडेच शिकला. गाडीने भिंतीला धडक दिली आणि खटला लागला बाबूवर, बिचाऱ्याने कशाला हातसुद्धा लावला नव्हता. मीच शिकवलेलं, हात लावू नको. माझ्या पोराला मी त्या सीटवर बसवणार नाही."

हे मला माहीत नव्हतं. मला पप्पा नेहमी 'भाषांतरात भविष्य नाही' एवढंच म्हणायचे. मी सगळं अम्माला सांगितलं, बाबूसकट.

अम्मा म्हणाली, "त्यांना विचार... नाही. तुम्हाला विचारते. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी मोरू करी केली होती. आठवते?"

मोरू करी म्हणजे ताकाची कढी, फक्त खोबरं लावलेली. पप्पा म्हणाले, "आठवते की."

"त्यात मी मुद्दाम मीठ घातलं नव्हतं. मला मण्याचा संशय आला होता. दवाखान्यात एकही पेशंट मला 'खूप दुखतंय' म्हणत नव्हता, सगळ्यांना थोडंच दुखायचं. म्हटलं, घरी तपासून बघू. तुम्ही एक घास खाल्लात, आणि माझ्या कानात आलं, छान झालंय, मला आवडलं. अळणी कढीला कुठला नवरा छान म्हणतो? त्या दिवसापासून दर रविवारी मी अळणी कढी करते. दर रविवारी तुम्हाला ती आवडते. त्या पहिल्याच रविवारी मी ठरवलं, या घरात खरं सांगणारा एक माणूस पाहिजे. बाहेर मिळण्यासारखा नव्हता. म्हणून मी तो जन्माला घातला."

मला नियम आठवला. मी दोघांकडे न बघता, आधी मल्याळममध्ये आणि मग मराठीत म्हणालो, "दुभाष्याला शेवटचं वाक्य पुन्हा ऐकायचं आहे."

अम्माने ते पुन्हा म्हटलं. एक शब्द न बदलता, आणि जरा सावकाश, मला सोपं जावं म्हणून.

मग मी पप्पांकडे वळलो आणि स्वतःविषयी म्हणालो, "बाहेर मिळण्यासारखा नव्हता. म्हणून मी तो जन्माला घातला."

चेहरा हलू दिला नाही. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मी तिथेच पूर्ण केला असं माझं मत आहे.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, अम्माकडे बघितलं, वाटीतल्या मण्यांकडे बघितलं. "अळणी?" ते म्हणाले. "तू ते मुद्दाम करत होतीस?"

"हो."

"रविवारचं?"

"हो."

पप्पा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "आमच्या जैनांत," ते म्हणाले, आणि आवाज पुन्हा चढला, "रविवारी मीठ सोडायचा नेम असतो. माझी आई पाळायची. पहिल्याच रविवारी कढी तोंडात घातली आणि मला कळलं, ही पोरगी, परक्या मुलखातली, कुणी न सांगता आपल्या घरचा नेम पाळतेय. मी सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. कुंभोजच्या आत्याला रडू आलं. मी म्हणालो होतो, 'अळणी आहे. छान झालंय, मला आवडलं.' दोन वाक्यं बोललो होतो. एकच पोचलं?"

मी सांगितलं. अम्माचा हात तोंडावर गेला. "मोने," ती मला म्हणाली, "नीट सांग."

मोने म्हणजे बाळा. पण मला बाळ व्हायची परवानगी नव्हती. मी पप्पांना म्हणालो, "बाळा, नीट सांग."

"नीटच सांगतोय!" पप्पा ओरडले. "आणि दर रविवारी खातोय! मला रविवारी मीठ लागतं ओ! आईसमोरसुद्धा मी चोरून लोणचं खायचो! पण बायको एवढं मनापासून करतेय म्हटल्यावर मीठ कुठल्या तोंडाने मागू?"

म्हणजे मण्याने कुठलंच वाक्य बदललं नव्हतं. फक्त 'अळणी आहे' तेवढं गाळलं होतं, जेवण बिघडू नये म्हणून. ते आलं असतं तर अम्माने लगेच विचारलं असतं, मग खाता का? पप्पांनी नेमाचं सांगितलं असतं. ती हसली असती. माझी गरजच पडली नसती. मी चुकीच्या निष्कर्षावरून जन्माला घातलेलं मूल होतो. आणि हे सगळं मलाच दोन्ही बाजूंना समजावून सांगायचं होतं, प्रथमपुरुषी.

त्यानंतर जे झालं त्याला मी भांडण म्हणेन, पण त्यात दोघंही फारच खूश दिसत होते. ओला टॉवेल निघाला. करपलेला भात निघाला. कुंभोजच्या आत्या निघाल्या आणि त्यांना परत आत घालणं कुणालाच जमेना. मी मान इकडून तिकडे फिरवून फिरवून घामाघूम झालो.

शेवटी मॅडमनी घड्याळ दाखवलं. "वेळ संपली. निर्णय?"

"माझं होय," अम्मा म्हणाली.

पप्पा बसले. घाम पुसला. "कढीचं कढीजवळ. त्या सीटवर पोराला बसवणार नाही. माझं नाही."

इथे मी थांबलो. अम्मा माझ्याकडे बघत होती. मी एक गोड वाक्य बोललो असतो तर ती हसली असती, आणि ते हसू बघून पप्पा विरघळले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढं तर मण्यालाही कळतं. मग मी बसायचं कशाला, तो होताच की.

"माझं नाही," मी तिला सांगितलं.

मॅडमनी रेकॉर्डर बंद केला. "परीक्षेत पास," त्या म्हणाल्या. "प्रवेश नाही. असं बऱ्याचदा होतं." आणि पर्सची चेन लावायला लागल्या.

पप्पांनी मण्यांच्या वाटीकडे हात नेला. अम्माने शांतपणे शेजारची ताटली उचलली आणि वाटीवर झाकली. ताटलीवर कोपर ठेवलं. आणि ती त्यांच्याशी बोलायला लागली, थेट, एकसारखी, त्या भारदस्त आवाजात. पप्पांना एक अक्षर कळेना.

"काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं.

मी बंद रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. परीक्षा संपली होती.

"नेम्या, काय म्हणते लेका?" अम्मा थांबेना. पप्पा एकदा तिच्याकडे, एकदा ताटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश विचारलं, "ते पुण्याचं... तिथे हॉस्टेलला राहावं लागतं काय?"

"चार वर्षं."

"आणि या बाईंचं कॉलेज?"

"सांगलीला. संध्याकाळी घरी."

"रविवारी?"

"सुट्टी."

पप्पा मॅडमकडे वळले. "मॅडम, तो रेकॉर्डर परत चालू करा. आणि त्या सीटवर बसणाऱ्याने गाडी ठोकायच्या आधी ओरडायचं असतं, एवढं याला शिकवणार असाल तर माझं होय."

"तेवढंच शिकवतो आम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि चेन उघडली.

अम्माने कोपर काढलं. ती नेमकं काय बोलत होती ते मी ऐकलं होतं. ती आठवड्याच्या भाजीची यादी म्हणत होती. मला हिच्यावर संशय आहे तो उगाच नाही.

मी मुख्य विषय वैद्यक घेतला. त्या दिवशी मॅडम जेवायला थांबल्या. रविवार होता, कढी आधीच झालेली होती, आणि अर्थातच अळणी. पप्पांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे झुकले. "मीठ. तिच्यात मिठाला काय म्हणतात?"

मी जरा विचार केला. प्रवेश मिळून अर्धा तास झाला नव्हता आणि हा माणूस माझ्या पोटावर पाय आणायला निघाला होता. आज मीठ, उद्या टॉवेल, वर्षभरात मी रिकामा.

"उप्पु," मी म्हटलं.

"उप्पु!" पप्पा शिकाऊ चालकावर ओरडावं तसे ओरडले.

अम्माने मिठाची बरणी सरकवली.